गोलाचं टोक

एका जंगलात एक विद्यापीठ होतं. दचकू नका मुलांनो, जंगलातही विद्यापीठं असतात. तिथे जागेची अडचण नसल्यामुळे ती जरा ऐसपैसच असतात.

या विद्यापीठात बरेच विभाग होते. पोहण्याचा होता, बिळं खणण्याचा होता, वास ओळखण्याचा होता. तिथून शिकून गेलेले प्राणी पोहत, खणत आणि वास ओळखत. त्यामुळे त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

आपली गोष्ट आहे शिक्षणचिकित्सा विभागाची. हा विभाग नाल्याकाठी, एका थोरल्या अर्जुनाच्या झाडाखाली भरे. शिकवावं कसं, हे इथे शिकवत नसत. शिकवणारा शिकणाऱ्यावर सत्ता कशी गाजवतो, हे इथे शिकवत. विभागाचे प्रमुख होते सांबरसर.

सांबरसर मोठे विद्वान होते. त्यांची शिंगं भरदार होती, आवाज खर्जातला होता, आणि बोलता बोलता ते मध्येच डोळे मिटून घेत. सरांचे डोळे उघडेपर्यंत कुणी बोलायचं नाही, असा काही नियम नव्हता. पण कुणी बोलत नसे.

सरांच्या आधी जे प्रमुख होते ते एका शिळेवर बसून शिकवत. सरांनी आल्या आल्या ती शिळा नाल्यात ढकलून दिली. म्हणजे विद्यार्थ्यांना ढकलायला सांगितली.

"उच्चासन हा शिक्षणातला पहिला अन्याय आहे," सर म्हणाले. "आजपासून आपण सगळे जमिनीवर बसणार. गोल करून बसणार. गोलाला टोक नसतं. गोलात कुणी वर नाही, कुणी खाली नाही. गोलात सगळेच परिघावर असतात."

ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आला. त्यांत एक साळिंदरही होतं, पण त्याचं काही वेगळं कळलं नाही.

या विभागात मंजुळा नावाची एक घोरपड पीएच.डी. करत होती. घोरपड कशाला चिकटली की सुटत नाही, हे तुम्ही ऐकलंच असेल. मंजुळा सरांच्या वाक्यांना चिकटे. बाकीचे विद्यार्थी सरांचं वाक्य ऐकत, माना डोलावत आणि पुढच्या वाक्याकडे जात. मंजुळा मागच्या वाक्यावरच बसून राही. हे जर खरं असेल तर मग आपण उद्यापासून काय करायचं, असा तिला प्रश्न पडे. विभागात असा प्रश्न पडण्याची पद्धत नव्हती.

मंजुळेला ही पदवी मिरवण्यासाठी नको होती. नाल्याच्या खालच्या अंगाला बारक्या प्राण्यांची एक शाळा होती. सरडे, बेडूक, पाली, सापसुरळ्या, अशी पोरं तिथे यायची. मंजुळा त्याच शाळेत शिकलेली. तिथल्या कासवबाईंनी तिला पानावर पहिलं अक्षर काढायला शिकवलं होतं. बाई आता फार थकल्या होत्या आणि त्यांची जागा मंजुळेनेच घ्यावी असं त्यांच्या मनात होतं. मंजुळेच्या मनात तर ते लहानपणापासून होतं. पण विद्यापीठाचा नवा नियम आला होता. पदवी नसेल तर बेडकालाही शिकवता येणार नाही.

"मोहाची फुलं गळून संपेपर्यंत मी जागा धरून ठेवते," कासवबाई म्हणाल्या होत्या. "पुढे माझ्याने होणार नाही गं. पोरं पाठीवर चढून बसतात. मला आता त्यांना उतरवतासुद्धा येत नाही."

पदवीचा रिवाज असा होता. विद्यार्थ्याने पळसाच्या पानांवर प्रबंध लिहायचा. पानं बांबूच्या चोयांनी टाचायची. मग सर गेरूत खूर बुडवणार आणि शेवटच्या पानावर ठसा उमटवणार. ठसा उमटला की पदवी. ठसा नाही, तर नुसतीच पत्रावळ.

तर एके दिवशी मंजुळेने सरांना विचारलं, "सर, मी कुठला वर्ग अभ्यासू?"

तोवर सगळ्यांनी आपापले वर्ग निवडले होते. सुलोचना नावाची टिटवी काजव्यांच्या रात्रशाळेवर लिहीत होती. तिथे उजेड शिकवतात म्हणजे अंधारावर अन्याय करतात, असं तिचं म्हणणं होतं. विश्राम नावाचं रानडुक्कर कावळ्यांच्या शाळेवर काम करत होतं. सरांनी त्याला सांगितलं होतं की शिक्षणव्यवस्थेच्या मुळाशी जा. विश्राम गेला. शाळेचं झाड तिसऱ्या प्रहरी आडवं झालं. सरांनी या संशोधनाचं फार कौतुक केलं. कावळे काय म्हणाले ते कुणी लिहून घेतलं नाही, कारण ते एकदम बोलत होते.

मंजुळेच्या प्रश्नावर सरांनी डोळे मिटले. मग उघडले.

"जो वर्ग तुला रोज दिसतो तो घे," सर म्हणाले. "जवळचंच आपल्याला दिसत नसतं. त्या वर्गात कोण बोलतं ते बघ. कोण गप्प बसतं ते बघ. कोण कुणाची वाट बघतं ते बघ. सत्ता सापडेल."

हे वाक्य सर दरवर्षी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगत. फार सुंदर वाक्य होतं. आजवर कुणी ते वापरलं नव्हतं.

मंजुळा विचार करू लागली. आपल्याला रोज कुठला वर्ग दिसतो? तिने सगळीकडे मान फिरवली. तिला रोज एकच वर्ग दिसत होता.

ती अभ्यासाला लागली.

कोण बोलतं, हे तिने आधी पाहिलं. सर बोलत. त्या आठवड्यात विषय होता 'विद्यार्थ्यांचा दडपला गेलेला आवाज'. सर सकाळी बोलायला लागत, तेव्हा अर्जुनाची सावली नाल्याच्या अलीकडे असे. सर थांबत तेव्हा ती नाला ओलांडून गेलेली असे. मग सर म्हणत, "आता संवाद." तोवर सगळ्यांना भूक लागलेली असे.

कोण वाट बघतं, हे तिने नंतर पाहिलं. सगळे बघत. सर उशिरा आले तर सगळे थांबत. विद्यार्थी उशिरा आला तर त्याला वेळेचं वर्चस्व या विषयावर निबंध लिहावा लागे.

मग तिने कामं पाहिली. सरांच्या अंगावर गोचिडी होत. त्या रोज पाळीपाळीने विद्यार्थी काढत. याला 'सहभागी अध्ययन' म्हणत. सरांना खारी माती चाटायला आवडे. ती पलीकडच्या टेकडीवरून विश्राम आणत असे. याला 'श्रमाचा सन्मान' म्हणत. सन्मान विश्रामचा होई, माती सरांच्या पोटात जाई. सुलोचनेची मात्र गोचिडींबद्दल तक्रार नव्हती. तिला त्या आवडत.

राहिला गोल. गोलाला खरंच टोक नसतं का, हे मंजुळेला तपासून बघायचं होतं. तिने त्यासाठी एक साधी गोष्ट केली. एका सकाळी ती सगळ्यांच्या आधी आली आणि सर जिथे रोज बसत तिथे जाऊन बसली.

सुलोचना आली आणि तिथल्या तिथे फडफडायला लागली.

"मंजुळे, ऊठ. अगं ऊठ. ती सरांची जागा आहे."

"गोलात कुणाची जागा नसते," मंजुळा म्हणाली. "सरच म्हणतात."

"म्हणतात ते बरोबर आहे. पण ती सरांची जागा आहे."

विश्राम आला. त्याने मंजुळेकडे पाहिलं, मग खाली जमिनीकडे पाहिलं, आणि कुठलं तरी मूळ उकरायला लागला. तेवढ्यात सर आले. सरांनी मंजुळेला पाहिलं आणि हसून म्हणाले, "बस बस. उत्तम." आणि ते थेट समोरच्या बाजूला जाऊन बसले.

मग काय झालं माहीत आहे? आधी सुलोचना सरकली. मग साळिंदर सरकलं. मग विश्रामने मोठ्या कष्टाने बूड फिरवलं. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. पण सरांचं वाक्य पुरं होईपर्यंत सगळा गोल हळूच फिरून सरांच्या दोन्ही हातांना बसला होता, आणि मंजुळेच्या आजूबाजूला कुणीच उरलं नव्हतं. तिच्यावर ऊनही आलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती सरांच्या कालच्या जागी बसली. सर तिसरीकडे बसले. गोल पुन्हा फिरला.

मंजुळेने पळसाच्या पानावर लिहिलं, "गोलाला टोक असतं. ते चालतं."

एवढं लिहून तिला फार बरं वाटलं. तिने सरांचंच ऐकलं होतं, त्यांच्याच पद्धतीने पाहिलं होतं, आणि सत्ता खरोखर सापडली होती. सर किती खूश होतील, असं तिला वाटलं. हे तिला अगदी मनापासून वाटलं होतं, मुलांनो. तिला हसू नका.

प्रबंध टाचून झाला. मोहाची फुलं गळायला लागली होती. सुलोचनेने तो चोरून वाचला आणि तिची चोच उघडीच राहिली.

"ताई, हे देऊ नकोस," विश्राम म्हणाला. "आधी काजव्यांबिजव्यांवर काहीतरी लिही, ठसा घे, मग हे कर."

"पण काजव्यांच्या शाळेत मी कधी गेलेलीच नाही."

"सुलोचना तरी कुठे गेलीये? ती रात्री झोपते."

पण मंजुळा घोरपड होती. तिने प्रबंध सरांच्या पुढ्यात ठेवला. गोल बसला. शेजारी गेरूचं मडकं आणून ठेवलेलं होतं. आधी सुलोचनेच्या प्रबंधावर ठसा उमटला. मग विश्रामच्या प्रबंधावर उमटला. मग सरांनी मंजुळेचा प्रबंध उघडला.

सर वाचत राहिले. वाचता वाचता त्यांनी डोळे मिटले. कुणी हललं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले तेव्हा ते पाण्याने भरलेले होते.

"मंजुळा," सर म्हणाले, "इतक्या वर्षांत मला असा विद्यार्थी मिळाला नाही. तू माझे डोळे उघडलेस."

मंजुळेला नाल्याखालची शाळा दिसायला लागली. कासवबाईंच्या पाठीवरून आपण एकेक पोर उतरवून घेतोय, असं दिसायला लागलं.

सरांनी गेरूत खूर बुडवला. वर उचलला. आणि तसाच धरला.

"पण मी आता हा ठसा उमटवला," सर सावकाश म्हणाले, "तर त्याचा अर्थ काय होईल?"

"मला पदवी मिळेल, सर," मंजुळा म्हणाली.

"नाही. त्याचा अर्थ असा होईल की माझ्या सत्तेवर तू केलेली टीका खरी ठरवण्याची सत्तासुद्धा माझीच आहे. तू लिहिलंयस की या वर्गात शेवटचा शब्द नेहमी सरांचा असतो. मग तुझ्या प्रबंधावर शेवटचा ठसा माझाच उमटवू? ज्या टोकाविरुद्ध तू उभी राहिलीस, त्याच टोकाचा शिक्का तुझ्या कपाळी मारू? मंजुळा, हा अन्याय मी तुझ्यावर करू शकत नाही."

आणि त्यांनी खूर खाली जमिनीवर टेकवला. जमिनीवर सुंदर ठसा उमटला.

गोलातल्या सगळ्यांना हुंदके आवरेनात. सरांचा केवढा हा त्याग, असं सगळे म्हणाले. मंजुळेने त्या जमिनीवरच्या ठशाकडे पाहिलं. तो उकरून नेता येईल का, असा विचार तिच्या मनात येऊन गेला.

"मग सुलोचनेला कसा दिलात, सर?" तिने विचारलं.

"सुलोचनेने माझ्याविरुद्ध काही लिहिलेलं नाही. तिथे विसंगती येत नाही."

मंजुळेला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण सरांच्या बोलण्यात चूक कुठे आहे, हे तिला त्या वेळी सापडलं नाही. मुलांनो, तुम्हाला सापडली तर मनात ठेवा.

यानंतर सांबरसरांची कीर्ती जंगलाबाहेर गेली. 'माझ्या गोलाचं टोक' या विषयावर त्यांना व्याख्यानाची आमंत्रणं यायला लागली. स्वतःच्या विरुद्ध इतकं प्रामाणिक बोलणारा विद्वान कुणी पाहिला नव्हता. नदीपलीकडच्या हत्तींनी त्यांना हार घातला. हत्तींचा हार मोठा असतो, त्यामुळे तो उचलायला विश्रामला बरोबर जावं लागलं.

विभागातही बदल झाला. दर गुरुवारी सरांवर टीका करण्याचा तास सुरू झाला. हजेरी सक्तीची होती. टीका सरांनी आधी समजावून दिलेली असे. मंजुळेचा प्रबंध पाठ्यपुस्तक म्हणून लावला गेला. नवे विद्यार्थी तो पाठ करत. गोलाचं टोक कुठे असतं, असं परीक्षेत विचारत. जिथे सर बसतात तिथे, हे बरोबर उत्तर होतं. ज्याला ते येत नसे त्याला सर नापास करत.

आणि गोल तसाच फिरत होता. फक्त आता सगळे तो फिरताना एकमेकांकडे बघून समजूतदारपणे माना डोलावत.

मंजुळेने एक शेवटचा प्रयत्न केला. मोहाखाली आता थोडीच फुलं पडत होती. तिने रात्रंदिवस बसून नवा प्रबंध लिहिला. गोलाला टोक नसतं, सर म्हणतात तेच खरं, एवढंच त्यात होतं. हे लिहिताना तिची तिला लाज वाटली. तरी तिने लिहिलं, कारण कासवबाईंचा निरोपावर निरोप येत होता.

सरांनी दोन पानं वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हे तू लिहिलंस? गोलाचं टोक शोधणाऱ्या मंजुळेने?"

"सर, मला ठसा हवाय. पोरं वाट बघतायत."

"म्हणजे व्यवस्थेने तुला वाकवलं," सर दुःखाने म्हणाले. "आणि शिवाय हे चूक आहे. पाठ्यपुस्तकात काय लिहिलंय ते वाच. यावर ठसा देऊन मी पुढच्या पिढीची दिशाभूल कशी करू?"

मंजुळेने पानं उचलली. सर मात्र तिला नाल्यापर्यंत पोचवायला आले आणि तिच्या धैर्याबद्दल बोलत राहिले.

मोहाची फुलं संपली. नाल्याखालच्या शाळेतली जागा सुलोचनेला मिळाली. तिच्याकडे पदवी होती.

मंजुळा कासवबाईंना भेटायला गेली. बाई झाडाच्या मुळाशी मान आत ओढून बसल्या होत्या. मंजुळेची चाहूल लागल्यावर त्यांनी ती थोडी बाहेर काढली.

"मी तुझ्यासाठी थांबले होते गं," बाई म्हणाल्या. "नेमकं काय झालं? नापास झालीस का?"

"नाही बाई. माझा प्रबंध फारच चांगला झाला."

बाईंना काही कळलं नाही. त्यांनी फक्त तिच्या पाठीवर पाय ठेवला. लहानपणी अक्षर चुकलं की त्या असाच ठेवत. मंजुळेला तिथे रडू आलं, आणि तिने ते येऊ दिलं.

शाळा समोरच भरली होती. सुलोचनेने पोरांना गोल करून बसवलं होतं. स्वतः ती मधोमध उंचवट्यावर उभी होती, कारण तिचे पाय लांब होते आणि बसलं की दुखत. तिने मंजुळेला पाहिलं आणि तिला खरंच आनंद झाला.

"मुलांनो, बघा कोण आलंय. आपल्या पुस्तकातल्या मंजुळाताई."

बेडकांनी आणि सरड्यांनी माना वळवल्या. मंजुळेला त्यांनी गोलात जागा करून दिली. कितीतरी वर्षं जे तिच्या मनात होतं ते समोर होतं. ओले, चुळबुळ करणारे, तिच्याकडे टक लावून बघणारे चेहरे होते. पहिल्या दिवशी त्यांना काय सांगायचं, हे तिने फार पूर्वीच ठरवून ठेवलं होतं. तिने घसा साफ केला.

"मुलांनो," सुलोचना म्हणाली, "या वर्गात ज्यांचा आवाज दडपला गेला त्यांचा आवाज आज आपण ऐकणार आहोत. त्याआधी मी त्या आवाजाची थोडक्यात ओळख करून देते."

तिने डोळे मिटले. मग उघडले. आणि ती बोलायला लागली.

मंजुळा तोंड उघडून बसून राहिली. तिच्या शेजारचा एक बेडूक हळूच सरकून सुलोचनेकडे तोंड करून बसला. मग त्याच्या पलीकडचा बसला. झाडाची सावली नाल्याच्या अलीकडे होती. ती हळूहळू नाला ओलांडून गेली.

तात्पर्य: शिष्याने गुरूला प्रश्न जरूर विचारावेत, पण ठसा वाळल्यावर विचारावेत. तोवर काजव्यांवर लिहावं. काजवे वाचत नाहीत. हे तात्पर्य ज्यांना पटलं नसेल त्यांनी येत्या गुरुवारी यावं. सांबरसरांना मतभेद फार आवडतात, फक्त येताना थोडी खारी माती आणावी.